पोरक्या कोंकरांची शुश्रूषा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या शेतकरी मेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली कमिटीनें मला बोलावयास सांगितलें तेव्हां विषयाची निवड माझ्यावरच सोंपविली होती. या मंगल प्रसंगीं कोणी धर्मग्रामाचा इतिहास सांगतील, कोणी जुन्या मिशनरी फादरांच्या आठवणी काढतील. तें काम माझ्याहून अधिक योग्य माणसें करणार आहेत. मी कोंकरांविषयीं बोलणार आहें असें सांगतांच कमिटींतील एका सभासदांनीं विचारलें, "गुरुजी, हें प्रवचन कीं शेतकी?" दोहोंपैकीं कोणतें, तें मला अद्यापि नीट ठरवितां आलेलें नाहीं. तें आपणच ठरवावें.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत, मेंढरूं हें केवळ पवित्र शास्त्रांत भेटणारें जनावर नव्हे. दिवाळी सरली कीं धनगरांचे वाडे रानोमाळ दिसूं लागतात. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि मागें दक्खनी मेंढ्यांचा काळापांढरा लोंढा. पीक निघालेल्या शेतांत मेंढ्या बसवावयास आपण त्यांना बोलावितों, लेंडीखताच्या मोबदल्यांत धान्य किंवा पैसे देतों, आणि चार दिवसांनीं वाडा पुढें जातो. युरोपांतील शहरी ख्रिस्ती माणसाला उत्तम मेंढपाळाचें चित्र देवळाच्या रंगीत कांचेंत पाहावें लागतें. आपल्याला तें बांधावर उभें दिसतें. असें असूनहि कोंकरूं कसें मरतें आणि कसें वांचतें, हें मला माझ्या वयाच्या साठीपर्यंत ठाऊक नव्हतें. पस्तीस वर्षें शाळेंत मुलांना हरवलेल्या मेंढराचा दाखला शिकविला. परंतु सांपडल्यावर त्या मेंढराला खाऊं-पिऊं काय घालावें, असें एखाद्या मुलानें विचारलें असतें तर माझी धांदल उडाली असती.

२०२१ सालच्या डिसेंबरचे पहिले दोन दिवस आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असतील. अवकाळी पाऊस रात्रंदिवस लागला आणि त्यांत झोंबणारा वारा सुटला. पुणें व आपल्या जिल्ह्यांत उघड्या रानांत बसलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येनें दगावल्या. लोंकर कोरडी असली तर थंडी अडविते. भिजली कीं तीच अंगावर ओलें ओझें होऊन बसते, आणि वारा त्या ओल्या अंगांतून सारी ऊब ओढून नेतो. आपल्या गांवाबाहेर उतरलेल्या एका वाड्याचें त्या रात्रीं फार नुकसान झालें. पहांटे मिस्सेची पहिली घंटा व्हावयाच्या आधीं त्या धनगराची म्हातारी आई घोंगडीच्या खोळींत तीन कोंकरें घालून देवळाच्या पडवीशीं येऊन उभी राहिली. "ह्यांच्या आया गेल्या, गुरुजी. आमच्यापाशीं शेकायला सुकं लाकूडसुद्धां न्हाई," एवढेंच ती बोलली.

सिस्टरांनीं दवाखान्यामागची कोठी उघडून दिली. मी घरीं धांवत जाऊन गाईचें दूध ऊन करून आणलें. तिन्ही कोंकरांत जें सर्वांत निपचित पडलेलें होतें त्याची मला अधिक दया आली. म्हणून तेंच मीं प्रथम उचललें. तान्ह्या मुलाला घेतात तसें उताणें मांडीवर घेतलें आणि चमच्यानें त्याच्या तोंडांत दूध घातलें. तें गिळत नव्हतें. तरीहि मीं घालीतच राहिलों. थोड्या वेळानें त्याच्या छातींत घरघर सुरू झाली. मिस्सा संपण्यापूर्वीं तें गेलें.

म्हातारीनें मला दोष दिला नाहीं. दुसरें कोंकरूं मीं उचललें तेव्हां मात्र तिनें माझा हात धरिला. "गार पोटांत दूध घालूं नगा. आधीं ऊब, मग दूध," असें म्हणून तिनें आपलें बोट त्याच्या तोंडांत घातलें, आणि मलाहि घालावयास लावलें. तोंड आंतून थंडगार होतें. मेलेल्या कोंकराचें तोंड असेंच असलें पाहिजे. तें पाहण्याचें मला सुचलें नव्हतें. बंधुभगिनींनो, त्या दिवशीं मला जें कळलें नाहीं तें पुढील काळांत मीं सरकारी पशुवैद्यांना विचारून, त्यांच्याबरोबर हिंडून व पुस्तकें वाचून मिळविलें. माझ्या हातून दयेनें मेलेलें कोंकरूं शेवटचें ठरावें, एवढ्यासाठीं आज मी आपला वेळ घेत आहें.

नुकतेंच जन्मलेलें कोंकरूं ओलें असतें, आणि त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. परमेश्वरानें त्याच्या मूत्रपिंडांभोंवतीं व इतर कांहीं ठिकाणीं एका विशेष प्रकारच्या तपकिरी चरबीचा छोटा सांठा ठेवलेला असतो. ती जाळून तें पहिले सुमारें पांच तास अंग ऊन ठेवितें. तेवढ्या अवधींत आईनें चाटून कोरडें केलें आणि पोटांत चीक गेला तर तें उभें राहतें. नाहीं तर सांठा संपतो, रक्तांतील साखर उतरते, आणि तें थंड पडूं लागतें. निरोगी कोंकराचें अंग आपल्यापेक्षां ऊन असतें. थर्मामीटर गुदद्वारांत लावून पाहिलें तर पारा १०२ ते १०४ अंशांवर दिसतो. माणसाला हा ताप, कोंकराला ही प्रकृति! म्हणून हाताला कोंकरूं 'बरें आहे' असें वाटलें कीं तें बरें नसण्याचाच संभव अधिक. पारा १०२ च्या खालीं परंतु ९९ च्या वर असेल, तर त्याला पुसून कोरडें करावें, आडोशाला न्यावें, आणि चीक पाजावा. बहुधा तेवढ्यानें भागतें. पारा ९९ च्या खालीं गेला असेल, तर गोष्ट निराळी. अशा कोंकराची गिळण्याची शक्ति गेलेली असते आणि आंतडीं काम करीत नाहींत. त्याला पाजलेलें दूध एक तर फुप्फुसांत जातें, नाहीं तर पोटांत तसेंच पडून राहतें. माझ्या मांडीवर जें घडलें तें हेंच होतें.

येथें आणखी एक धोका आहे, आणि तो मोठमोठ्या जाणत्यांनाहि चकवितो. कोंकरूं पांच तासांपेक्षां अधिक वयाचें, उपाशी आणि अतिशय गार पडलेलें असेल, तर त्याला नुसती ऊब देणेंहि घातक होतें. अंग तापूं लागलें कीं शरीर साखर मागूं लागतें; रक्तांत साखर उरलेली नसते; मग झटके येऊन तें मरतें. माणूस म्हणतो, "आतां तर डोळे उघडले होते!" यावर उपाय आहे. शेंकडा २० टक्क्यांचें ग्लुकोजचें द्रावण, अंगाच्या ऊबेइतकें कोमट करून, दर किलो वजनास १० मिलिलिटर या प्रमाणांत पोटाच्या पोकळींत सुईनें देतात, आणि त्यानंतर शेकतात. हें काम पशुवैद्याचें. ज्याला तें शिकविलेलें नाहीं त्यानें सुई हातीं धरूं नये. आंतडें फोडून ठेवील. मात्र पशुवैद्याला निरोप धाडतांना "कोंकरूं आजारी आहे" एवढेंच न सांगतां "पारा अमुक, वय अमुक तास, पोट रिकामें" असें सांगावें. तेवढ्यानें डॉक्टर घरून निघतांनाच योग्य ती बाटली बरोबर घेतो.

शेकण्याविषयीं फार सांगावयास नको. शेकोटीच्या धुरांत कोंकरूं ठेवूं नये. खोक्यांत कोरडें पोतें अंथरावें, बाटल्यांत ऊन पाणी भरून त्या फडक्यांत गुंडाळून दोन्ही अंगांस ठेवाव्या, अंतरावर एक दिवा टांगावा, आणि दर अर्ध्या तासानें पारा पाहावा. ९९ च्या वर चढला कीं चीक पाजण्यास हरकत नाहीं. अति शेकूनहि कोंकरें मरतात.

आतां चिकाविषयीं. याविषयीं मी जरा लांबण लावणार आहें, कारण सर्व विद्या येथेंच आहे. माणसाचें मूल आईच्या उदरांत असतांनाच रोगांशीं झुंजणारीं द्रव्यें तिच्या रक्तांतून घेऊन येतें. मेंढीच्या वारेंतून तीं द्रव्यें पलीकडे जात नाहींत. कोंकरूं जगांत येतें तें अगदीं निःशस्त्र येतें. त्याचीं सारीं शस्त्रें आईच्या पहिल्या चिकांत असतात, आणि तीं आंत घेण्याचे आंतड्याचे दरवाजे थोडाच वेळ उघडे असतात. पहिल्या सहा तासांत सताड, मग हळूहळू मिटत मिटत सुमारें २४ तासांनीं बंद. त्यानंतर घागरभर चीक पाजला तरी तो नुसता खुराक होतो, कवच होत नाहीं. म्हणून आई मेली असली तरी तिचें अंग ऊन आहे तोंवर कासेंतून चीक पिळून घ्यावा. यांत कांहीं अमंगल मानूं नये. तीन किलोच्या कोंकराला पहिल्या तासांत १५० मिलिलिटर, आणि पहिल्या दिवसरात्रींत सर्व मिळून ६०० मिलिलिटरपर्यंत चीक लागतो. दुसऱ्या व्यालेल्या मेंढीचा मिळाला तर उत्तम, शेळीचा मिळाला तरी चांगला, गाईचाहि चालतो. गाईच्या चिकानें क्वचित् एखाद्या कोंकराचें रक्त कमी होतें. एकाच गाईचा न घेतां तीन-चार गाईंचा एकत्र केला म्हणजे तो धोकाहि कमी होतो. आपल्याकडे गाय व्याली कीं घरोघरीं खरवस होतो. मला खरवस अतिशय आवडतो, हें माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. तरी माझी विनंति आहे कीं, त्यांतील एक पेला न शिजवितां स्वच्छ बाटलींत घालून बर्फाच्या कपाटांत ठेवावा. तो तेथें महिनोमहिने टिकतो. वितळवितांना मात्र कोमट पाण्यांत बाटली बुडवावी. चुलीवर ठेवला तर तो फाटेल, आणि त्याचा गुणहि जाईल.

जें कोंकरूं स्वतः चोखत नाहीं परंतु ज्याचें अंग ऊन आहे, त्याला नळीनें पाजतात. मऊ रबरी नळी नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून खूण करावी, तोंडाच्या डाव्या बाजूनें हळूच सारावी, कोंकराला ती आपोआप गिळूं द्यावी. खोकलें तर काढून घ्यावी. खुणेपर्यंत बिनतक्रार गेली म्हणजे ती पोटांत आहे असें समजावें. कारण श्वासनळींत गेलेली नळी तेवढी लांब जात नाहीं. मग पिचकारीचा दट्ट्या न रेटतां चीक आपल्याच भारानें उतरूं द्यावा. आणि ज्याला चोखतां येतें त्याला बाटलीनें पाजतांना चार पायांवर उभें करून, मान किंचित् वर, अशा रीतीनेंच पाजावें. आईच्या कासेशीं तें तसेंच उभें असतें. त्या ठेवणींत चोखूं लागलें कीं गळ्याखालीं एक पन्हळ मिटते आणि दूध पहिलें पोट टाळून थेट खऱ्या पोटांत जातें. उताणें निजवून पाजणें ही माणसाची रीत. ती कोंकराला मानवत नाहीं. नाळेला टिंक्चर आयोडिन लावावयास विसरूं नये. ओल्या नाळेंतून जंतु शिरतात, आणि दोन आठवड्यांनीं गुडघे सुजून कोंकरूं लंगडूं लागलें म्हणजे आपण त्याला मार लागला असें समजतों.

पोरकें कोंकरूं वाढविण्याचा सर्वांत चांगला उपाय बाटली नव्हे, दुसरी आई हा आहे. धनगर लोक वाड्यावर कांहीं शेळ्या बाळगितात त्या केवळ चहाच्या दुधासाठीं नव्हेत. पोरक्याला पाजावयास त्या उपयोगी पडतात. मेंढी मात्र दुसऱ्याचें पोर सहजासहजीं घेत नाहीं. ती आपलें पिलूं वासानें ओळखते, आणि तो वास व्याल्यानंतरच्या पहिल्या कांहीं तासांत चाटतां चाटतां तिच्या मनांत ठसतो. म्हणून एखादी मेंढी वीत असेल तर तिचें पाणी पोरक्याच्या अंगाला चोळून तें तिच्या पुढ्यांत ठेवतात. आणि जिचें कोंकरूं मेलेलें आहे तिच्याकरितां मेंढपाळ एक जुनी युक्ति करतात: मेलेल्या कोंकराची कातडी सोलून, पायांना भोकें पाडून, ती पोरक्याच्या अंगावर अंगरख्यासारखी चढवितात. मेंढी हुंगते, थबकते, आणि शेवटीं पाजूं देते. दोनतीन दिवसांत तिचेंच दूध त्याच्या अंगांतून वास देऊं लागतें. मग कातडी काढून टाकतात. मला हें पाहवत नाहीं असें एका भगिनीनें सांगितलें. मीहि प्रथम तोंड फिरविलें होतें. परंतु मेलेल्याच्या कातडीखालीं एक जिवंत पोरकें दूध पिऊं लागतें आणि एका दुःखी आईचा पान्हा वायां जात नाहीं, हें दृश्य पाहिल्यावर त्यांतील किळस माझ्या मनांतून गेली.

धनगराच्या म्हातारीनें आणलेल्या तिघांपैकीं दुसरें असेंच एका मेंढीच्या अंगीं लागलें आणि वाड्याबरोबर गेलें. तिसरें आपल्या वाडीवरच्या एका विधवा मावशींनीं मागून घेतलें. मेंढपाळ तें द्यावयास एका पायावर तयार होता, कारण रोज चार-पांच कोस चालणाऱ्या कळपांत बाटलीचें कोंकरूं कोण सांभाळणार? त्यानें तें टाकलें असें म्हणणारे लोक त्याच्या पायांनीं एक दिवस चालून पाहोत!

मावशींच्या घरीं शेळी होती. पहिला आठवडा दिवसांतून पांच वेळां, मग चार, मग तीन वेळां असें त्यांनीं पाजलें. एका दिवसांत वजनाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास दूध पुरतें. भुकेलें दिसतें म्हणून एकदम पोटभर पाजलें तर पोट फुगून तासाभरांत मरतें. दूध रोज त्याच वेळीं, तेवढ्याच ऊबेचें असावें. दुधांत पाणी घालूं नये. मेंढीचें स्वतःचें दूध गाई-शेळीच्या दुधापेक्षां बरेंच दाट असतें. बाटलीचें बूच दर वेळीं उकळत्या पाण्यांत घालावें. दहाव्या दिवशीं त्या कोंकराला हगवण लागली. मावशींनीं दूध बंद करून नुसतें पाणी दिलें असतें तर तें सुकून गेलें असतें; सिस्टरांनीं सांगितल्याप्रमाणें त्यांनीं मुलांना देतात तें क्षार-साखरेचें पाणी दिलें, परंतु दुधांत मिसळून नव्हे, तर दोन दुधांच्या मध्यें. दोन दिवसांत शेण घट्ट झालें. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून शेवरीचा कोंवळा पाला व थोडा भरडा पुढ्यांत ठेवावा. कोंकरूं तो आधीं नुसता हुंगतें, मग चघळतें, आणि त्यामुळें रवंथाचें पोट जागें होतें. चांगला पाला-भरडा खाऊं लागलें म्हणजे दोन महिन्यांच्या सुमारास दूध तोडतां येतें. त्याआधीं तोडलें तर पोट सुटतें आणि वाढ खुंटते.

लशींचें थोडक्यांत सांगतों. आंत्रविषाराची लस गाभण मेंढीला विण्याच्या चार ते सहा आठवडे आधीं दिली तर तिचें कवच चिकांतून कोंकराला मिळतें; बाटलीच्या पोरक्याला तें नसतें, म्हणून त्याच्या लशीची वेळ पशुवैद्याला मुद्दाम विचारावी. तीन-चार महिन्यांचें झालें कीं पीपीआरची लस टोंचावी. हा रोग आपल्या देशांत १९८७ सालीं तामिळनाडूंत प्रथम ओळखला गेला, आणि जगांतून तो २०३० पर्यंत घालविण्याचा संकल्प आंतरराष्ट्रीय संस्थांनीं सोडलेला आहे. बुळकांडीचें उच्चाटन २०११ सालीं झालेंच. तेव्हां हें अशक्य नाहीं.

पोरकीं कोंकरें केवळ मरणानेंच होतात असें नाहीं. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या सुंदरबनांतील गरोळ मेंढीचा जुळीं देण्याचा गुण आपल्या दक्खनी मेंढींत आणिला, आणि 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. मेंढपाळाला एकाऐवजीं दोन कोंकरें मिळणें ही मोठीच गोष्ट आहे. परंतु दुष्काळी सालीं चारा नसला कीं दोघांना पुरेल एवढें दूध कासेंत येत नाहीं, आणि जुळ्यांतील दुबळें आई जिवंत असतांनाच पोरकें होतें. तें आईच्या मागें मागें फिरतें, सड धरतें, कांहीं येत नाहीं, पुन्हां धरतें. दुरून पाहणाऱ्याला तें पीतच आहे असें वाटतें! जें कोंकरूं पाठ कमानदार करून, पोट खपाटीला जाऊन, उभ्या उभ्या थिजल्यासारखें दिसतें, तें उपाशी आहे असें समजावें.

आतां प्रवचनाकडे वळतों. फादर जवळच बसले आहेत, चुकल्यास सांभाळून घेतील. आपल्यांत एक गोष्ट फार सांगितली जाते. मीहि वर्गांत ती सांगितलेली आहे. गोष्ट अशी कीं, वारंवार पळून जाणाऱ्या कोंकराचा पाय मेंढपाळ स्वतःच मोडतो, मग तो बांधून त्याला खांद्यावर वाहतो, म्हणजे तें बरें झाल्यावर त्याच्या जवळून हलत नाहीं. आणि देवहि आपल्याला असेंच दुःख देतो. ऐकावयास गोड वाटते. पवित्र शास्त्रांत ही गोष्ट कोठेंहि नाहीं. मीं अनेक धनगरांना विचारलें; त्यांतील एकानें माझ्याकडे असें पाहिलें कीं मला पुढें विचारवेना. रोज चालणाऱ्या कळपांत मोडक्या पायाचें कोंकरूं म्हणजे बहुतेक मेलेलेंच. उलट, यहेज्केल संदेष्ट्यानें इस्राएलच्या वाईट मेंढपाळांवर ठेवलेला आरोप काय आहे? त्यांनीं दुबळ्यांना बळ दिलें नाहीं, आजाऱ्यांना बरें केलें नाहीं, मोडलेल्यांना बांधलें नाहीं. मोडणें हें मेंढपाळाचें काम म्हणून तेथें सांगितलेलें नाहीं. ज्या आईचें मूल गेलें आहे तिला आपण "देवानें तुझा पाय मोडला" असें सांगत असूं, तर तें आपण थांबवावें, असें मला प्रामाणिकपणें वाटतें. या देवळांत अशा आया बसलेल्या आहेत.

मेंढरें मेंढपाळाचा आवाज ओळखतात, असें प्रभु येशूनें सांगितलें. आपण मेंढराला मूर्ख म्हणतों. परंतु २००१ सालीं इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं प्रयोग करून दाखविलें कीं मेंढरूं दुसऱ्या पन्नास मेंढरांचे चेहरे ओळखतें, आणि दोन वर्षांनींहि विसरत नाहीं. मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचीं नांवें आठवत नाहींत! यावरूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. एकट्यानें माणसांत वाढविलेलें कोंकरूं स्वतःला मेंढरूं समजत नाहीं. तें कळपाकडे पाहत नाहीं, दाराशीं ओरडत बसतें. आणि नर असेल तर मोठेपणीं माणसाची भीति न राहिल्यामुळें टकरा मारतें. म्हणून जगविण्याइतकेंच त्याला त्याच्या जातभाईंत परत पोंचविणें महत्त्वाचें. शक्य तर दोन पोरकीं एकत्र वाढवावीं, दिवसा थोडा वेळ कळपाशेजारीं बांधावें, आणि लाड आवरते घ्यावे.

मावशींनीं लाड आवरते घेतले नाहींत. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत नाथान संदेष्ट्यानें दावीद राजाला सांगितलेला दाखला आपल्याला ठाऊक आहे: एका गरीबाची एकच मेंढी, ती त्याच्याच ताटांतलें खाई, त्याच्याच कुशींत निजे. मावशींच्या घरीं अगदीं तेंच चाललें होतें. परंतु त्यांचें कोंकरूं नर होतें. वर्षाच्या अखेरीस तो चांगला तयार मेंढा झाला, आणि त्याच वेळीं त्यांच्या नातीच्या नर्सिंगच्या फीचा प्रश्न उभा राहिला. मावशी माझ्याकडे आल्या. "गुरुजी, ज्याला मी मरणाच्या दारांतून आणलं त्यालाच विकूं का? पाप आहे का?"

मीं त्यांना काय उत्तर द्यावें? नाथानाच्या दाखल्यांत गरीबाच्या मेंढीला कापणारा श्रीमंत होता, आणि त्याच्या स्वतःच्या मेंढ्या पुष्कळ होत्या. मावशींकडे हा एकच होता. मीं त्यांना फादरांकडे पाठविलें. फादरांनीं त्यांना पाप नाहीं असें सांगितलें, आणि दुसरें असेंहि सांगितलें कीं त्यांना रडूं आलें तर त्याचीहि लाज वाटूं देऊं नये. मग शोध केल्यावर एका मेंढपाळाला कळपासाठीं चांगला नर हवाच होता असें कळलें. खाटकापेक्षां त्यानें पैसे कमी दिले. उरलेली रक्कम मावशींनीं कोठून उभी केली, तें त्यांनीं मला सांगितलें नाहीं, मीहि विचारलें नाहीं. प्रत्येक मेंढ्याला असा धनी मिळत नाहीं, हें मी जाणतों. आणि ज्यानें आपला मेंढा बाजारीं नेला त्याच्याकडे बोट दाखविण्याकरितां मी हें सांगत नाहीं. आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं नाताळला काय शिजतें, तें सर्वांना माहीत आहे. आपल्या हातीं तें जनावर जितके दिवस आहे तितके दिवस तें उपाशी, आजारी किंवा थंडीनें कुडकुडत राहूं नये, एवढें आपल्यावर आहे.

रोममध्यें दर वर्षीं २१ जानेवारीस, संत आग्नेस हिच्या सणादिवशीं, कोंकरांना आशीर्वाद देण्याची जुनी चाल आहे, आणि आर्चबिशपांच्या खांद्यावरील 'पालियम' नांवाची पट्टी कोंकरांच्या लोंकरीची विणतात. खांद्यावर उचललेल्या मेंढराची ती खूण. आपल्याकडे जानेवारींत धनगरांचे वाडे जवळपास असतात. त्या सणाला फादरांनीं एखाद्या वाड्यावर जाऊन प्रार्थना करावी, असें मीं सुचविलें आहे. वाड्यावरील लोक आपल्या धर्माचे नाहींत, परंतु त्यांना विचारलें तेव्हां ते हंसून म्हणाले, "या कीं, चहा घेऊं."

शेवटीं व्यवस्थेविषयीं सांगतों. सिस्टरांच्या परवानगीनें दवाखान्यांतील बर्फाच्या कपाटाचा खालचा कप्पा चिकाकरितां ठेवलेला आहे. बाटलीवर तारीख व जनावर लिहून द्यावें. गाय, शेळी कीं मेंढी, हें स्पष्ट असावें. एक थर्मामीटर, दोन रबरी नळ्या, आयोडिनची बाटली व मोजमापाचा पेला हें सर्व एका पत्र्याच्या डब्यांत माझ्या घरीं आहे. रात्रीं केव्हांहि दार ठोठवावें. मला म्हातारपणामुळें झोंप कमीच लागते. कोंकरूं घेऊन येतांना तें उघडें आणूं नये, पोत्यांत गुंडाळून आणावें. आणि गेल्या हिंवाळ्यांत ज्यांनीं कोणीं एक नळी नेली आहे, त्यांनीं ती कृपा करून, धुऊन, परत आणून द्यावी.